रुपराव मिस्त्री आणि थंड हवेची गाडी

सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रुपरावांचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, एक बाकडं आणि जगाबद्दलचा भरपूर तुच्छभाव. आधी पार्ट बदलून मग बिघाड शोधणाऱ्या मिस्त्र्यांना ते हमाल म्हणत. गाडीमालकांना तर त्याहून खालच्या पायरीवर बसवत. निम्मी गिऱ्हाइकं या तोंडापायी तुटली होती आणि रुपरावांना त्याचीही ऐटच होती.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात ठेकेदार मनोहररावांची परदेशी गाडी त्यांच्याकडे आली. डॅशबोर्डवर हवा किती गार हवी तो आकडा लावायचा, बाकी गाडी पाहून घेणार, असली थाटाची वस्तू. पण आठ दिवस झाले, आकडा उजळायचा, पंखा फिरायचा आणि आत येणारी हवा नुसती झळ. महाल भागातल्या एका मिस्त्र्याने तीनदा गॅस भरून पाहिला होता. मनोहरराव मात्र चारचौघांत सांगत फिरत होते की ड्रायव्हरनेच काहीतरी उपटून विकलं.

तो ड्रायव्हर गोविंदाच गाडी घेऊन आला होता. चाळिशी ओलांडलेला, अंगाने वाळलेला, शर्टाचं वरचं बटणही लावलेला माणूस.

"रुपरावभाऊ, काही बी निघू द्या, मालकाले एवढंच सांगा का वायर जुनी झाली होती," तो म्हणाला. "त्याले कमीपना आला तं सारा राग माह्यावर निघन. बारा वर्षं झाली मले तिथं. या वयात दुसरीकडं कोन ठेवते मले?"

"मी काहून खोटं बोलू गा?" रुपराव म्हणाले. "तू चोरी केली का? नाही ना? मंग ताठ उभा राह्य."

असल्या वाकलेल्या माणसांचा त्यांना भारी तिटकारा. ते कामाला लागले.

बॅटरीवरून एक वायर त्यांनी थेट कॉम्प्रेसरला लावली. खट् आवाज झाला आणि दोन मिनिटांत आत गार हवा सुटली. म्हणजे गॅस ठीक, कॉम्प्रेसर ठीक. डॅशबोर्डचा हुकूमच तिथवर पोचत नव्हता. "तीनदा गॅस भरला, गाढवानं!" रुपराव खुशीत येऊन हसले. मग टेस्ट लॅम्प हातात घेऊन ते एकेक जोड तपासत गेले. फ्यूजपाशी दिवा लागला, बटणापाशी लागला, डॅशबोर्डखालच्या जोडाच्या पुढे मात्र लागेना. जोड उघडला तर पितळी पिनांवर हिरवा कळंक आणि आत पाणी.

मे महिन्यात पाणी आलं कुठून? रुपरावांनी समोरच्या काचेखालची, हवा आत घेणारी जाळी काढली. आत कूलरच्या ताटीसारखा वाळा ठासून भरला होता, ओलाचिंब.

"मालक रोज सकाळी सोता तांब्याभर पानी टाकतेत," गोविंदा खाली बघत म्हणाला. "या हवेले वास नाही म्हनत होते."

रुपराव हसता हसता बाकड्यावर बसले. एवढी मोठी गाडी आणि तिचा या शहाण्याने कूलर करून ठेवला होता! पिना घासून, जोड वाळवून त्यांनी गाडी दुरुस्त केली आणि वाळा नीट वर्तमानपत्रावर मांडून ठेवला.

संध्याकाळी मनोहरराव आले, बरोबर दोन स्नेही. "काय मिस्त्री, सापडलं का?"

गोविंदाने रुपरावांकडे पाहिलं. पण असा मोका रुपराव सोडतात होय! त्यांनी वाळा उचलून सगळ्यांसमोर धरला आणि पहिलीच्या पोराला शिकवावं तसं पाणी कुठून कुठे गेलं ते बोटाने दाखवलं. "चोरी कोनीच नाही केली. हे कोनी कोंबलं, ते तुमाले मालूम हाय."

"मनोहरराव, आता टपावर पाण्याची टाकी बसवा!" एक स्नेही म्हणाला आणि दोघे खो खो हसले.

मनोहररावांचे कान लाल झाले. ते गाडीत बसले, आकडा लावला, गार हवा आली. मग त्यांनी खिडकीतून गोविंदापुढे हात केला. "तुझ्याकडची दुसरी चावी दे. उद्यापासून यायचं नाही."

स्नेह्यांना घेऊन, स्वतःच गाडी चालवत ते निघून गेले.

"जाऊ दे त्याले!" रुपराव उसळून म्हणाले. "तुह्यावरचा आळ तं गेला."

"पानी वायरीत जाईन, हे मी मालकाले पयल्याच दिवशी सांगतलं होतं," गोविंदा म्हणाला. "काय निघन ते मले ठाऊक होतं, भाऊ. मी तुमच्याकडं बिघाड शोधाले नव्हतो आलो."

तो हुडकेश्वरच्या दिशेने पायी निघाला. रुपराव त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.