चोवीस चोक शहाण्णव

भोकरला लेकीकडं होतो, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काका, काकू गेल्या." मी त्यालाच झापलं, "सकाळी माझ्याशी बोलली की रे!" निलंग्याला पोचेपर्यंत सांज झाली. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून माती देतात. ती बसलेलीच होती... एवढा वेळ कुठं होतात, असं विचारील वाटलं. महिना होऊन गेला. मी दुसरीतून शाळा सोडलेला, बायको महानंदा सातवी पास. घरातलं लिहिणं-वाचणं तिच्याकडंच. आता हे मलाच लिहावं लागतंय.

आमचं राहणं शेतात. लाइटचा भरवसा न्हाई, म्हणून सोलरच्या चार प्लेटा आणल्या. प्लेटांचा करंट बॅटरीत भरायच्या आधी एका डबीतून जातो, तिला कंट्रोलर म्हणतात. आमची डबी शंभर व्होल्ट सोसायची, त्याच्या वर गेलं की मेली. मी जवानीत लायनमनच्या हाताखाली काम केलेलं, तेवढी मिजास होतीच. हातबॅटरीत सेल घालतात तशा चारी प्लेटा एकामागं एक जोडल्या. तसं केलं की व्होल्टची बेरीज होते अन् वायर कमी लागते. महानंदानं प्लेटेमागचा कागद वाचला.

"अवो, एकीचे चोवीस लिवलेत. चोवीस चोक शहाण्णव. काठोकाठ होतंय."

मे महिना, भर दुपार. मी मीटर लावून दाखवला. "बघ, पंच्याऐंशी. एवढ्या उन्हात एवढं, मग हिवाळ्यात कमीच की!"

"डबीच्या पुस्तकात तर लिवलंय, थंडीत प्लेटेचे व्होल्ट वाढतात."

"प्लेट काय म्हैस हाय व्हय, थंडीत दूध वाढायला?"

ती हसली. पण पुस्तक काही तिनं मिटलं नाही. "दोन-दोनच्या जोड्या करा," एवढंच म्हणाली. मी केल्या नाहीत.

हुरड्याच्या दिवसांत पाव्हणे मुक्कामी आलेले. सकाळी लई गारठा, आभाळ स्वच्छ. ऊन प्लेटांवर पडलं अन् थोड्या वेळात डबीतून जळका वास आला. सगळे गोळा झाले. मी चारचौघांत बोललो, "लातूरच्या दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला." महानंदा कणसं चोळत होती. तिनं एकदा वर बघितलं, अन् पुन्हा चोळायला लागली.

दुकानात गेलो तर त्यानं तिचंच सांगितलं. तापली प्लेट की व्होल्ट उतरतात, गार असली की चढतात. माझा मीटर खोटा नव्हता, मी मोजायची वेळ खोटी होती. नवी डबी घेऊन घरी आलो. तिनं पाना आणून हातात दिला. दोन प्लेटा एकामागं एक, तशा दोन जोड्या, अन् त्या जोड्या शेजारी-शेजारी लावल्या. शेजारी लावलं की बेरीज होत न्हाई, थंडीतबी पन्नास-एक्कावन्नच्या वर जायचं काम नाही. वायर जास्त लागली, ती तिनंच धरली. तुझं खरं होतं, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण न्हाई निघालं तोंडातून. पुढं तीन हिवाळे गेले, तरी न्हाई.

परवा शेजारच्या शेतातला बसवराज आला. त्यानंही चार प्लेटा आणल्यात, एकाच लायनीत घालणार म्हणाला. मी त्याला थंडीचं सांगितलं.

"काका, तुम्हाला बरं माहीत!"

म्हटलं, आता तरी बोलावं. "माझं नव्हं, तुझ्या काकूचं हाय हे. आमची डबी जळाली ती माझ्या हट्टानं. दुकानदाराचा काही कसूर नव्हता."

तो म्हणाला, "पण काकू तर सगळ्यांना सांगायच्या, डबीच खराब निघाली म्हणून."

तो गेल्यावर प्लेटा बसवलेल्या पत्र्यावर चढलो. तिनं तारांच्या जोडांना लुगड्याच्या काठाच्या चिंध्या बांधल्यात, वाऱ्यानं जोड सुटू नये म्हणून. उन्हानं रंग उडालाय. एकेक गाठ ओढून बघितली. सगळ्या घट्ट हायेत.