विहिरीवर सुटलेला बार

आमचे हे उदगीरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते आणि घरी बसून अमेरिकेतल्या बंदूकबाजांच्या कादंबऱ्या लिहायचे. पुण्याचा एक प्रकाशक त्या छापायचा. वर नाव कुठल्याशा गोऱ्या साहेबाचं. ह्यांनी जन्मात घोड्यावर टांग टाकली नव्हती. पण माळावरचं तहानलेलं गाव, गुत्त्याचं झुलतं दार, कमरेला पिस्तूल लावून येणारा परका घोडेस्वार, हे सगळं ते असं लिहायचे की वाचताना घशाला कोरड पडावी.

मी शाळेत शिक्षिका. दुपारी घरी आले की शेजारच्या मावशी दारात हजर. त्या मोंढ्यात धान्य चाळायला जायच्या, अक्षरओळख नव्हती. "बाई, वाचा की. आज कोन मरतंय?" असं विचारत पाय पसरून बसायच्या.

लातूर जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराची गोष्ट. कचेऱ्या नव्या आल्या, पाऊस मात्र आला नाही. नळ कोरडे पडले. गावाबाहेरच्या एका मळ्यात विहिरीला तेवढं पाणी होतं. मळेवाला सकाळी सगळ्यांना भरू द्यायचा. गर्दी वाढली तसा तो रानडुकरांसाठी ठेवलेली बाराबोरची बंदूक घेऊन काठावर उभा राहू लागला. हे माझ्या कानाशी म्हणाले, "बघ, थेट माझ्या पुस्तकातून आलाय." आम्ही दोघं हसलो.

एका सकाळी रेटारेटी झाली. "मागं सरका! मागं सरका म्हन्लं ना!" मळेवाला ओरडला, आणि ट्रकचं टायर फुटावं तसा आवाज झाला. एकच. माझ्यापुढं उभ्या असलेल्या मावशी खाली बसल्या. मला वाटलं, पाय घसरला. त्यांच्या हातात घागर तशीच होती.

"बाई, पाय भाजलाय वो," त्या म्हणाल्या. मांडीवरचं हिरवं लुगडं काळं होत चाललं होतं.

मी मळेवाल्याकडं पाहिलं. बंदूक चिखलात पडलेली आणि तो शेजारी गुडघ्यांवर बसून ओकत होता. "म्या दाबलंच न्हाई... म्या दाबलंच न्हाई..." कुणी त्याला मारलं नाही, कुणी पळालंही नाही. पानोपानी माणसं पाडणारे आमचे हे, बादली धरून नुसते उभे. मी किंचाळले, "अहो, उचला त्यांना!" तेव्हा कुठं ते हलले. स्वतःचं धोतर फाडून पाय बांधला, बैलगाडीत घालून सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी छर्रे काढले, एक हाडापाशी राहून गेला. मावशी वाचल्या, पण लंगड्या झाल्या.

ह्यांनी हातातली कादंबरी बदलली. आता तिच्यातला बंदूकवाला गोळी सुटल्यावर मटकन खाली बसतो आणि रडतो. मावशी घरी आल्या, तेव्हा ह्यांनी खाटेजवळ बसून ते पान स्वतः वाचून दाखवलं.

मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं. "मंग? मारला न्हाई त्याला?"

"न्हाई मावशी. तो रडला," हे म्हणाले.

"रडंना का. माजा पाय येतुय का त्यानं? त्या घोड्यावाल्याला बोलवा. गोळी घाला म्हनावं त्याला. आधी पायात, मंग छातीत."

चहात साखर जरा जास्त टाका म्हणावं, इतक्या शांत आवाजात त्या बोलल्या. ह्या बाईंनी कधी दारातलं कुत्रंसुद्धा हाकललं नव्हतं. हे कागद पुढं ओढून तिथंच लिहायला लागले.

वाचायला मात्र ह्यांना जमेना. मी वाचलं. आधी पाय, मग छाती. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. "अजून एक डाव," त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं, माझी जीभ टाळूला चिकटत होती. दवाखान्यातून आल्यापासून ती बाई कण्हत रात्र काढत होती. त्या दुपारी तिला गाढ झोप लागली.

पोलिसांनी धरून नेलेला मळेवाला काही दिवसांनी सुटून आला. तोवर त्याची विहीर तळाला गेली होती. कादंबरी त्याच पानासह छापून आली, चांगली खपलीही. प्रकाशकानं दुसरी मागितली, पण ह्यांनी नाही म्हणून कळवलं. लातूरच्या नव्या कचेरीत त्यांना कारकुनी मिळाली आणि आम्ही उदगीर सोडलं.