उलटा घातलेला कोट

चूक माझी होती. ती शिवणकामातली नव्हती, एवढं कळायलाच मला तीन आठवडे लागले.

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका कारखान्यात मी कामगारांचे कपडे बेततो. एका लहान संस्थेने बाटल्या-पुठ्ठे वेचून पोट भरणाऱ्या बायकांसाठी कोट करून मागितले. काम समजून घ्यायला मी मैलापुरात एका अक्कांच्या मागे दोन सकाळी हिंडलो. साडीवर त्या लांब बाह्यांचा जुना पुरुषी शर्ट घालत. बाह्यांवर काचेने पडलेल्या चिरा मी मोजून टिपून घेतल्या. अक्कांना मात्र काही विचारलं नाही.

कोट चांगला झाला होता, असं मला अजूनही वाटतं. हातांवर जाड कापड, पाठीवर चमकणारी पट्टी, आणि गाड्यांना लांबून दिसावा म्हणून नारिंगी रंग.

पहिला कोट अक्कांना दिला आणि आठ-दहा दिवसांनी पाहायला गेलो. एका अपार्टमेंटचा वॉचमन तिथल्या बाटल्या आणि पुठ्ठे कित्येक वर्षं अक्कांसाठी बाजूला ठेवत असे. त्यांचं निम्मं पोट त्यावरच चाले. त्याच फाटकाशी त्या उभ्या होत्या, कोट उलटा घालून. शिवणी आणि करडं अस्तर बाहेर, नारिंगी रंग आणि पट्टी आत. वॉचमनच्या आणि शेजारी बसलेल्या फुलवालीच्या देखत मी म्हणालो, "अक्का, उलटा घातलाय. एवढंही कळत नाही? आधी सुलटा करा."

फुलवाली हसली. इकडे 'सर'ला 'सार' म्हणतात. "कर गं सुलटा, सार तपासायला आलेत."

"शिवण कुठल्या बाजूला असते ते मला कळतं, सार," अक्का म्हणाल्या. कोट काढून त्यांनी पोत्यात कोंबला आणि त्या निघून गेल्या.

माझं काही डोकं चालेना. संस्थेमार्फत कोट परत मागवला. उकडत असेल म्हणून काखेत जाळी लावली. कॉलर टोचत असेल म्हणून मऊ केली. कोट पुन्हा पाठवला. संस्थेतून निरोप आला, अक्का तो उलटाच घालतात. मी पट्टीची जागा बदलायला घेतली. मला कापडातलीच चूक शोधता येते, म्हणून मी तिथेच शोधत राहिलो.

शेवटी पुन्हा त्या फाटकाशी गेलो. अक्का दिसेनात, म्हणून वॉचमनला विचारलं.

"ती कशाला येईल आता? कॉर्पोरेशनात लागली ना."

"कोणी सांगितलं?"

"कोट तसलाच आहे, त्यांच्या झाडूवाल्यांचा असतो तसा नारिंगी. ती नाही म्हणायची, उलटा घालून यायची. मलाही तिचंच खरं वाटत होतं. मग तुम्ही आलात आणि सगळ्यांसमोर झापलंत. साहेबाशिवाय कोण असं झापतं? पगार असलेल्या बाईला बाटल्या कशाला? आता एका म्हातारीला देतो."

त्याला खरं सांगावं, तर मग त्या म्हातारीने काय करायचं? न सांगावं, तर अक्कांनी काय करायचं? हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही, आजही सुटलेलं नाही.

अक्का स्टेशनच्या पुलाखाली बाटल्या चेपत बसलेल्या सापडल्या. अंगात जुनाच शर्ट होता. मी बोलायला सुरुवात केली, तसा त्यांनी हात वर केला.

"इथे नको, सार. जिथे बोललात तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाटकाशी गेलो. वॉचमन होता, फुलवाली होती. वीस वर्षं इथे बोलत आलेलं माझं तमिळ नेमकं तेव्हा अडखळू लागलं.

"मी साहेब नाही," मी म्हणालो. "अक्कांना नोकरी नाही, पगार नाही. कोट मी बेतला, रंग मी निवडला, त्यांना न विचारता. त्या तो उलटा का घालतात, तेही विचारलं नाही, आणि तुमच्यासमोर त्यांना बोललो. अक्का, माझं चुकलं. मला माफ करा."