लिंबूताईचं राज्य

माझी नणंद बालवाडी चालवायची, पण तिला शिकवताना कुणी कधी पाहिलं नाही. मी तर त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे, माझ्याही नजरेस ते कधी पडलं नाही. खालच्या मोठ्या खोलीत एका बुटक्या स्टुलावर ती बसलेली असायची, हात मांडीवर, आणि पोरं तिच्याभोवती हवा तो धुडगूस घालत असायची. मी तिला वन्सं म्हणायचे ते चिडवायला. एरवी आमचं अगं-तुगंच होतं. 'वन्सं, बसून बसून दमला असाल,' असं मी म्हटलं की ती म्हणायची, 'बसून नाही गं, गप्प बसून.'

खोलीत फळा नव्हता, पाट्या नव्हत्या, भिंतीवर अ अननसाचा नव्हता. रिकामे डबे, खोकी, दोऱ्यांची रिळं, बटणं, लाकडी ठोकळे, वाळूने भरलेलं घमेलं, एक मुका फोन, कुणाच्या तरी दाराचं जुनं कुलूप आणि त्याला न लागणाऱ्या किल्ल्या, असला सगळा पसारा. एका कोपऱ्यात पडदा लावून पोरांनी घर केलेलं. लहान मुलांच्या शिक्षणाचा कोर्स करून ती आली, तेव्हा तिथून तिने एकच नियम बरोबर आणला होता: खेळ पोरांचा. काय खेळायचं, कुणाला घ्यायचं, कधी थांबायचं, ते पोरं ठरवतील. मोठ्या माणसाने बोलावल्याशिवाय खेळात पाय टाकायचा नाही, आणि बोलावलं तर देतील ते काम निमूट करायचं. एकदा तिला त्यांनी कुत्रा केलं, तर केस पिकलेली ही बाई अख्खी सकाळ टेबलाखाली बसून भुंकत होती.

मला हे पटायचं नाही आणि मी ते पोटात ठेवायचे नाही. शिकवण्याचा नुसता खेळखंडोबा चाललाय, असं मी चारचौघांत म्हणायचे. बँकेत काम करणारे एक गृहस्थ मुलाच्या खिशातली वाळू तिच्यापुढे ओतून विचारायला आले होते की हा इथे शिकला तरी काय. ती म्हणाली, काल त्याला वाटत होतं ओल्या आणि कोरड्या वाळूचं वजन सारखंच असतं, आज तसं वाटत नाही. गृहस्थ पुटपुटत गेले. पुढच्या वर्षी धाकट्यालाही तिच्याकडेच आणून सोडलं, ते वेगळं.

लपाछपी खेळताना पोरं तिला लिंबूटिंबू करायची. लिंबूटिंबू खेळात असतो पण धरला जात नाही. तो पळतो, लपतो, सापडतोसुद्धा, पण आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. एरवी हा मान सगळ्यात धाकट्याला मिळतो; इथे सगळ्यात मोठीला मिळाला, कारण उठताना तिचे गुडघे करकरायचे. ती दर वेळी त्याच कोपऱ्यातल्या पडद्यामागे लपायची, पडद्याखालून दोन्ही पाय दिसायचे आणि पोरं न पाहिल्यासारखं करून पुढे जायची. त्यावरून तिचं नाव लिंबूताई पडलं, आणि मोठी माणसंही तेच म्हणू लागली.

एकदा मी हे नवऱ्याला हसत हसत सांगितलं, तर तो म्हणाला, ती लहानपणीही लिंबूच होती. सगळ्या भावंडांत धाकटी. माझ्यावर एकदा तरी राज्य येऊ द्या म्हणून एकदा अख्खी दुपार रडली होती, पण कुणी दिलं नाही. तो हे गंमत म्हणून सांगत होता, पण मला काही हसू आलं नाही.

आता पुढचं सांगते. ज्याला हसायचं असेल त्याने इथेच हसून घ्यावं.

पोरं घरात जे बघतात तेच खेळतात, असं तिच्या कोर्सात शिकवलं होतं. बहुतेक वेळा तसंच असायचं. पण कधी कधी पोरं आधी खेळायची आणि ते घडायचं मागून. एका सकाळी त्यांनी पडद्यामागचं सगळं घर खोक्यांत भरलं, दोरीने बांधलं आणि एका पोरीला वर बसवून निरोप दिला. तिच्या बापाची बदली झाली ती त्यानंतर. त्या सकाळी खुद्द बापालाही त्याचा पत्ता नव्हता. हा योगायोग म्हणून मी सोडून दिला. मग एकदा मी जिना उतरत होते तर तीन पोरं डब्यांतून पाणी आणून जिन्याच्या तळाशी ओतत होती. आवाज नाही, हसणं नाही, कामगारांसारखी येत-जात होती. मी ओरडले तेव्हा एकाने सांगितलं, आम्ही विझवतोय. काय विझवताय म्हटलं तर म्हणाला, जिना.

त्याच आठवड्यात जिन्याखालचा विजेचा मीटर पेटला. आम्ही सगळे धावपळ करत होतो आणि पोरं दारात ओळीने उभी राहून बघत होती, आधी पाहिलेली गोष्ट पुन्हा बघावी तशी. मी नणंदेला म्हटलं, तुला हे ठाऊक आहे, मग तू त्यांना पुढचं विचारत का नाहीस? ती म्हणाली, मी विचारलं की ती माझ्यासाठी खेळायला लागतील, मग तो खेळ राहणार नाही.

त्या वर्षी थंडीत तिला ताप भरला. तो उतरेना, तिची शुद्ध हरपली, आणि डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन जवळच्या माणसांना कळवायला सांगितलं. खोली बंद होती तरी पोरं अंगणात यायचीच. दुपारी मी गॅलरीत उभी होते. खाली त्यांनी एक बाहुली निजवून तिच्यावर तोंडापर्यंत फडकं ओढलं होतं. एक मुलगा म्हणाला, ताई आउट. त्यांच्यात एक पोरगी होती, पुढचे दोन दात पडलेली, सगळ्यांना कामाला लावणारी. तिला मी पुढारीण म्हणायचे. तिने मान वर न करताच सांगितलं, लिंबू आउट होत नाही, आणि फडकं काढून टाकलं. संध्याकाळी आमच्या नणंदेने डोळे उघडले आणि चहा मागितला. डॉक्टरांनी श्रेय औषधाला दिलं. मीही तेव्हा औषधालाच दिलं.

माझी नात जन्मली तीच काळजात दोष घेऊन. चार पावलं चालली की तिचे ओठ निळे पडायचे. हळूहळू चालायची म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणायचो. ऑपरेशन लागणार होतं, आणि ते पार पडेलच असं सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी आमच्या तोंडावर सांगितलं होतं. तापातून उठून नणंदेने खोली पुन्हा उघडली तेव्हापासून, मुलगा आणि सून कामावर गेले की मुंगी खाली जाऊन बसायची. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन नुसती बघायची. तिला कुणी खेळायला बोलावत नव्हतं आणि नणंद स्टुलावरून हलत नव्हती. माझा जीव तुटायचा. मी म्हटलं, सांग ना त्यांना, घ्या म्हणावं हिला. ती म्हणाली, मी सांगितलं तर घेतील, पण मग ती माझी पाहुणी होईल, त्यांची नाही. मी म्हटलं, अगं, तुझीही नात आहे ती. म्हणूनच थांबलेय, ती म्हणाली. मी रागाने तिच्याशी बरेच दिवस बोलले नाही.

मग एका सकाळी मी दुधाचे पेले घेऊन खाली गेले, तेव्हा पुढारीण मुंगीसमोर उकिडवी बसली होती.

"तू खेळणार?"

"मला धाप लागते," मुंगी म्हणाली.

"मग तू लिंबू हो."

मागून एक मुलगा म्हणाला, "लिंबू तर ताई आहे. एका खेळात दोन लिंबं नसतात."

सगळी पोरं एकदम वळली आणि स्टुलाकडे बघू लागली. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं; फक्त सांगितलं होतं. पुढारीण उठून तिच्यासमोर गेली.

"ताई, तुला खरं खरं खेळता येईल का?"

नणंदेने आधी मुंगीकडे बघितलं. तिचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला, आणि मग, मी खोटं सांगत नाही, एखाद्या पोरीसारखा फुलला. "येईल की," ती म्हणाली. "मला कुणी घेतच नव्हतं."

संध्याकाळी जिन्यात भेटली तेव्हा मी अबोला सोडून तिची थट्टा केली, वन्संना बढती मिळाली म्हणे. ती हसली. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, खोलीच्या, कपाटाच्या, सगळ्या आहेत, तुझ्याकडे राहू देत. जिना, बाहुली, फडकं, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. उद्या खेळू नकोस, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि आत मुंगी खोकली. तोंड तसंच मिटलं.

"काही बोलू नकोस, वहिनी," ती म्हणाली. "खेळ त्यांचा आहे. आणि त्यांनी मला विचारलंय."

दुसऱ्या दिवशी लपाछपी झाली. मी दारातच उभी होते. मुंगी टेबलाखाली लपली आणि तोंडावर हात धरून हसत होती. तिला हसताना मी किती दिवसांनी बघत होते. आमची बाई मात्र सवयीने त्याच पडद्यामागे गेली, पाय बाहेर. या वेळी कुणी न पाहिल्यासारखं केलं नाही. त्या पोरांचा नियम असा होता की जो पहिला सापडेल त्याच्यावर लगेच राज्य, आणि मोजणी नव्याने. ताई सापडली, ताईवर राज्य, असा एकच गिल्ला झाला. ती कपाटाशेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हाताच्या घडीवर कपाळ टेकलं आणि मोजायला लागली.

किती हळू मोजावं माणसाने. मी म्हटलं, वन्सं, पोरं म्हातारी होतील. ती भिंतीतच म्हणाली, "लहानांना लपायला वेळ लागतो," आणि पुढचा आकडा घेतला. वर दूध तापत ठेवलं होतं म्हणून मी गेले. वरही तिचा आवाज ऐकू येत होता, एक आकडा, मग बराच वेळ काही नाही, मग पुढचा. गॅस बंद करून वळले तेव्हा लक्षात आलं की बराच वेळ झाला तरी पुढचा आकडा आलाच नाही.

खाली ती तशीच उभी होती. कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात अंग टेकलं होतं म्हणून पडली नव्हती. मी खांद्याला हात लावला आणि कळलं.

खोली पोरांनी भरलेली आणि एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता. कसंबसं म्हटलं, या रे बाहेर, खेळ संपला. कुणी हललं नाही. मी पुन्हा हाक मारली. खोक्यामागून पुढारणीचा आवाज आला, "तू नको सांगू. राज्य तिच्यावर आहे."

फक्त मुंगी बाहेर आली. लिंबाला कधीही बाहेर येता येतं. ती हळूहळू चालत ताईपाशी गेली आणि तिच्या पाठीला कान लावून उभी राहिली.

"आजी, हळू बोल," ती म्हणाली. "मोजतेय ती."

मुंगीचं ऑपरेशन पार पडलं. डॉक्टर बाहेर येऊन हसले तेव्हा मी भिंतीला धरून रडले. कुणासाठी, ते मला विचारू नका. आता ती मोठ्या शाळेत जाते आणि जिना धावत चढते. खालच्या खोलीत नवीन ताई येते. नियम तोच आहे, आणि आता त्यावर कुणी बोललं तर त्याच्याशी भांडायला मी जाते. पोरं सगळी नवीन आहेत, त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, तरी राज्य असलेलं पोर कपाटाशेजारच्या भिंतीवर कधी मोजत नाही. तिथून जाताना धावणारी पोरंसुद्धा चालू लागतात आणि आवाज खाली आणतात.

परवा मी मुंगीला सहज विचारावं तसं विचारलं, ती अजून मोजते का गं? वहीतून डोकं वर न काढता ती हो म्हणाली. कुठवर आलीय म्हटलं, तर तिने जरा कान दिला.

"हळू मोजते ना ती," मुंगी म्हणाली. "पण संपत आलंय. मग शोधायला निघेल. जो पहिला सापडेल, त्याच्यावर राज्य."

रात्रंदिवस मी घाबरून असते असं समजू नका. घाबरते, पण मी तयारीही केली आहे. धावणारं पोर लिंबू राहत नाही, म्हणून मुंगीला सांगून ठेवलंय की लपशील तेव्हा नीट लप, लांब जा, कुणाच्या हाकेला ओ देऊ नकोस. मी तो पडदा धुऊन पुन्हा त्याच कोपऱ्यात लावलाय. मी त्याच्यामागे उभी राहणार आहे, पाय बाहेर दिसतील अशी, म्हणजे वन्संना आधी मीच सापडेन. मग मोजायची पाळी माझी, आणि मी तिच्याहूनही हळू मोजणार आहे.