रिकाम्या बॅगेचं वजन

जायच्या आठवड्यात मी बॅगेची चेन इतक्या वेळा उघडली आणि लावली की आई म्हणाली, "तिकडे पोचायच्या आधीच तुटेल ती. मग काय साडीच्या काठाने बांधणार?" मला बसवतच नव्हतं. जेवताना मधेच उठून पासपोर्ट जागेवर आहे का बघायचे. आंघोळीला निघाले की आठवायचं, सगळे मोजे एकाच कप्प्यात ठेवलेत, दोन कप्प्यांत हवेत. का हवेत, ते मला विचारू नका.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं, फुशारकी मारतेय. मारतेच. बी.एस्सी. झाले, वसईतल्याच एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागले, आणि तिथून दोन वर्षांसाठी जर्मनीला जायचं ठरलं ते कुणाच्या ओळखीने नाही.

वसईजवळ उमेळ्यात आमची छोटी वाडी आहे. केळी, अळू, थोडी पानवेल, आणि कडेला बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं आमचं तळं. कुंपणाला आता सात मजली इमारत येऊन टेकली आहे. तिच्या बाल्कन्यांतून कपड्यांच्या क्लिपा आमच्या अळवात पडतात. बिल्डरची माणसं अधूनमधून येतात, चहा पितात, "घाई नाही काका," म्हणतात आणि जातात. मी एकुलती एक. मी परत आले नाही तर वाडीचं काय होणार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. सगळ्यात कमी बाबा. तिकीट आल्यापासून त्यांनी मला 'जा' म्हटलं नव्हतं, 'नको' पण म्हटलं नव्हतं. माझ्या पायांत भिंगरी शिरली होती ती त्यामुळेच.

बॅगेचं वजन मात्र त्यांनी आपणहून करून दिलं. "विमानात किती चालतं?" एवढंच विचारलं. (बाबा आमच्या बोलीत बोलतात. सगळ्यांना कळावं म्हणून मी इथे सरळ करून लिहिते.) मी म्हटलं, तेवीस किलो. पडवीच्या वाशाला त्यांचा केळीचे लोंगर तोलायचा काटा टांगलेला असतो, वर गोल तबकडी आणि खाली हुक. त्याला त्यांनी बॅग लावली, तोंडातल्या तोंडात काही हिशेब केला आणि आत आवाज दिला, "बावीस."

आईने उरलेल्या किलोत लगेच सुकेळीची पुडकी कोंबली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची, ती सुकेळी. आमच्याकडे परगावी जाणाऱ्याच्या सामानात सुकेळी नसली तर माणूस भांडून गेला असं समजतात.

जायच्या दिवशी सकाळी आत्याचा मुलगा नालासोपाऱ्याहून गाडी घेऊन आला. तोच मला एअरपोर्टला सोडणार होता. तो दुबईला नोकरी करून आलेला, त्यामुळे विमानाच्या बाबतीत आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा. खिशातून त्याने हातात धरायचा छोटा डिजिटल काटा काढला, बॅग उचलली आणि भुवया वर केल्या.

"ताई, साडेसत्तावीस."

"काहीतरीच काय. बाबांनी तोललीय."

"मग मामा, काटा बदला आता तुमचा. तिथे लायनीत सगळ्यांसमोर बॅग उघडून बसायला लागेल हिला. आतले कपडे बाहेर, मागचे लोक शिव्या देतायत. बघितलंय मी."

बाबांनी त्याच्या हातातला काटा घेतला, उलटसुलट केला आणि खेळणं परत द्यावं तसा परत दिला. "माझ्या काट्याला वसईच्या बाजारात आजवर कुणी बोट लावलेलं नाही," ते म्हणाले, आणि बॅग पुन्हा पडवीत हुकाला लावली. आम्ही सगळे तबकडीखाली माना वर करून उभे राहिलो. काटा फिरला आणि साडेसत्तावीसवर थांबला.

"बरोबर आहे की," बाबा म्हणाले. "साडेचार बॅगेचे गेले. माल तेवीस."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बॅग विकत आणली त्या दिवशी बाबांनी ती रिकामीच हुकाला लावून बघितली होती. मला वाटलं, मूठ पक्की आहे का ते बघतायत. ते धडा करत होते. बाजारात माल टोपलीसकट तोलतात, म्हणून रिकाम्या टोपलीचं वजन आधी बघून ठेवायचं आणि नंतर वजा करायचं. त्याला धडा करणं म्हणतात. टोपलीचं वजन मालात धरणारा आमच्याकडे लबाड.

"मामा, विमानवाले बॅग पण धरतात," आत्याचा मुलगा म्हणाला.

"बॅग कशाला? ती काय बॅग विकणार आहे तिकडे?"

"विकणार नाही, पण धरतात."

"मग लबाड आहेत."

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले, अगदी पोट धरून. हसता हसता बाबांना सांगितलं की लॅबमध्ये मी पण रोज हेच करते. रिकामं भांडं काट्यावर ठेवायचं, बटण दाबायचं, आकडा शून्य होतो, मग पावडर घालायची.

"म्हणजे तू पण धडाच करतेस?"

"हो."

"आणि त्याला एवढं शिकावं लागतं?"

एरवी मला राग आला असता. पण मी लॅबमध्ये काय करते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, आणि आता ते माझ्याकडे असे बघत होते जसं बाजारात आपल्या शेजारी बसणाऱ्याकडे बघावं.

मग साडेचार किलो काढायची मारामारी सुरू झाली. मी सुकेळीला हात घातला.

"स्वेटर काढ," आई म्हणाली. "स्वेटर तिकडे मिळतो."

"थंडीत मी सुकेळी पांघरू?"

"पोटात गेली की ऊब येते."

छोटी कढई गेली, दोन जाड पुस्तकं गेली, तांदळाचं पीठ अर्धं झालं. सुकेळी राहिली. पुन्हा तोलली, पुन्हा काहीतरी काढलं. मी घड्याळ बघत होते, आत्याचा मुलगा "घोडबंदरला अडकलो तर विमान टाटा करून जाईल" असं दर पाच मिनिटांनी म्हणत होता. अखेर काटा तेवीसवर आला. मी मागे वळून बघितलं तर बाबा नव्हते.

ते वाडीत सापडले, बावखलाच्या बांधावर. केळीची सुकी पानं कोयत्याने उतरवत होते.

"राग आला?"

"कसला?"

"काट्यावरून बोलला तो."

"काटा बरोबर होता."

मी तिथेच येरझाऱ्या घालायला लागले. ते म्हणाले, एका जागी उभी राहा, अळू तुडवतेस. मी उभी राहिले आणि एकदम विचारलं, "बाबा, जाऊ का?"

"हे आता विचारतेस? आईने कढई परत ठेवून दिल्यावर?"

"तुम्ही काही बोलतच नाही."

"काय बोलू? जा म्हटलं तर हाकलल्यासारखं होतं. राहा म्हटलं तर तुला शाळेत कशाला घातलं?"

वर कुणीतरी बाल्कनीतून चादर झटकत होतं. जे आठवडाभर गिळत होते ते मी बोलून टाकलं. "दोन वर्षांची चार होऊ शकतात. मला तिथेच राहावंसं पण वाटेल. मला आत्ता काहीच सांगता येत नाही."

त्यांनी अजून एक पान उतरवलं आणि बाजूला ठेवलं.

"मी आहे तोवर वाडी आहे. पुढचं तू ठरव. पण फोनवर ठरवायचं नाही. तिथे बसून वाडी एक तर फार मोठी वाटेल नाही तर अगदी बारकी वाटेल. इथे यायचं, या बांधावर उभं राहायचं आणि मग विक म्हण, नाही तर ठेव म्हण. मी असलो तरी आणि नसलो तरी."

मी "हो" म्हटलं. पण जरा वेळाने. कारण मनातल्या मनात मी वाडी विकायचं काम तिथूनच एका सहीवर उरकून टाकलं होतं, आणि तो रस्ता त्यांनी माझ्यासमोर बंद केला. त्यांनी मान हलवली. "मग जा," म्हणाले, आणि पुढच्या केळीकडे वळले. मी वाकून पायाला हात लावला तेव्हा त्यांच्या एका हातात कोयताच होता. दुसरा माझ्या डोक्यावर जरा जोरातच पडला.

गाडी निघाली. घोडबंदरच्या अलीकडे अडकलोच. आत्याच्या मुलाने विचारलं, "मामा काय म्हणाले गं?"

"जा म्हणाले."

"एवढंच?"

गाडी इंचाइंचाने सरकत होती, माझा पाय खाली एकसारखा हलत होता, आणि मी मोबाईलवर जर्मनीतल्या पुढच्या वर्षीच्या सुट्ट्या शोधत होते.