सिमेंटच्या यॉटवरचा धबधबा

"मॅडम, आला पुन्हा!" लॉनचे मालक माझ्या कानाशी ओरडले. ओरडणं भागच होतं. समोर धबधबा कोसळत होता आणि त्याच्याखाली लग्न लागायचं होतं.

मी वर्ध्याची. पंपांची कंट्रोल पॅनेल बनवते. पॅनेल म्हणजे मोटर चालू-बंद करणारी पेटी. सिंदी रेल्वे गावाजवळच्या या लॉनवर मालकांनी स्विमिंग पूलमध्ये चक्क सिमेंटची यॉट बांधलीय. गोव्यात पाहिली होती म्हणे. समुद्र नाही तर नाही, हौस दांडगी. वरच्या डेकवरून पूलमध्ये धबधबा पडतो, खालच्या डेकवर स्टेज आहे. पॅनेल माझं, त्यामुळे बोलणीही मलाच.

नवरी प्राची सेवाग्रामला नर्स आहे. लग्न बौद्ध पद्धतीचं. वधूवरांच्या प्रतिज्ञेत तिनं स्वतःच्या चार ओळी घातल्या होत्या आणि त्या सगळ्या मांडवाला ऐकू गेल्याच पाहिजेत, असा तिचा हट्ट होता. इथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

मी रिमोट दाबला. पाणी थांबलं. अर्ध्या मिनिटानं पुन्हा सुरू. पॅनेलवरचं लाल बटण दाबलं. थांबलं, अर्ध्या मिनिटानं पुन्हा सुरू. मेन स्विच पाडला, तर माईकही गेला. डेकोरेशनवाल्यानं माईकची वायर माझ्याच पॅनेलमधून घेतली होती. मुकाट्यानं स्विच वर केला.

"अर्धा मिनिट तं भेटून राह्यला न," मालक म्हणाले. "तेवढ्यात उरकून टाका."

नेमकं त्या शांततेत प्राचीनं ते ऐकलं. "माही प्रतिज्ञा अर्ध्या मिनिटाची नाई, काका!"

लगेच धबधबा सुरू.

मला त्या अर्ध्या मिनिटाचाच राग येत होता. बिघाड काही घड्याळ लावून येत नाही. कोणीतरी मोटर ठरवून चालू करत होतं, आणि ही खोड माझ्या ओळखीची होती. लॉनची देखभाल करणारे देवरावभाऊ मघापासून माझी नजर चुकवत होते. त्यांना बाजूला घेतलं.

"भाऊ, गाव कोणतं तुमचं?"

"अल्लीपूर."

"वावरातल्या मोटरीले ऑटो असंन?"

"त्याच्याबिगर कसं जमते जी?"

ऑटो म्हणजे एक लहानशी डबी. शेतावर लाईट कधीही जाते, कधीही येते. मोटर थांबलेली दिसली की ही डबी थोडी वाट बघते आणि आपणच मोटर चालू करते. विहिरीवरची चक्कर वाचते.

"मंग इथं काऊन लावला?"

"लाईट गेली का धबधबा बंद पडे, आन् मालक मले बोले. म्हून म्या घरचा ऑटो आणून लावून देल्ला. तवापासून एक शब्द बोलले नाई."

मागोमाग आलेले मालक मांडवाची झालर न्याहाळू लागले.

डबी पॅनेलच्या मागे निघाली, खताच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. वायरिंग इतकं सफाईदार, की मला जरा हेवाच वाटला.

तिकडे स्टेजवर प्राचीनं वाट बघणं सोडलं होतं. ती माईक तोंडाला लावून जिवाच्या आकांतानं प्रतिज्ञा म्हणत होती. नवरदेवाला ओ की ठो कळत नव्हतं, पण बिचारा समंजस. प्रत्येक ओळीला मान डोलवत होता.

मी डबीचा खटका 'मॅन्युअल'वर ओढला आणि लाल बटण दाबलं. धबधबा थांबला.

"...आन् सकाळचा चहा रोज तुम्हीच करान! मंजूर हाय का?"

आवाज पार रेल्वे स्टेशनपर्यंत गेला असेल. नवरदेवाची मान तोवर डोलून झाली होती.

त्यानं आधी धबधब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बहुतेक अर्धा मिनिट मोजत होता. पाणी काही आलं नाही.

"मंजूर," तो म्हणाला. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात बायका वाजवत होत्या, आणि त्यांच्यात मीही होते.

तेव्हापासून कुठलंही पॅनेल उघडण्याआधी मी एकच चौकशी करते. लाईट गेली की इथे बोलणी कोण खातं? आधी त्याला चहा पाजते, मग स्क्रू ड्रायव्हर काढते.