गाडीत ऐकलेलं गाडीतच
ओविएदो या राजधानीच्या शहरात प्रांताच्या मंत्रिमंडळाची बैठक भरली की चौकात काळ्या गाड्यांची रांग लागते आणि गाड्यांना टेकून ड्रायव्हर उभे राहतात. आत काय शिजतंय ते वर्तमानपत्रांच्या आधी या मंडळींना ठाऊक असतं, कारण निम्मं सरकार मागच्या सीटवरून फोनवरच चालतं. बेलार्मिनो त्यांच्यातला सगळ्यात जुना. पक्ष आले, पक्ष गेले, मंत्री उतरले, नवे बसले. हा आपला स्टिअरिंगमागे कायम. कारण एकच, गाडीत ऐकलेलं तो गाडीतच ठेवायचा. "तुझ्याशी लग्न म्हणजे भिंतीशी संसार," असं बायको म्हणायची, आणि त्याला ती शाबासकी वाटायची.

त्याच्या गावाला, वेगालिनाला, या गुणाचं काडीचंही कौतुक नव्हतं. रविवारी तो म्हाताऱ्या आईला, एतेलविनाला, भेटायला डोंगरात गेला की गुत्त्यातून हाक यायची, "या सरकार, बसा! आमच्या रस्त्याचं काय ठरवलंत?" हाक मारणारा सेवेरिनो, त्याचा बालमित्र. बेलार्मिनो हसायचा आणि सिद्राचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पेला तोंडाला लावायचा. तोंडात दारू असली की बोलावं लागत नाही.

तेव्हा आरोग्यखातं रोसाउराबाईंकडे होतं आणि त्यांची गाडी बेलार्मिनोकडे. बाई कामसू, वागायला सरळ. एका शुक्रवारी त्या मागे बसून फोनवर म्हणाल्या, "वेगालिनाचा डॉक्टर निवृत्त होतोय. दोनदा जाहिरात काढली, एक अर्ज नाही. दवाखाना बंद करावा लागणार. गुरुवारच्या बैठकीनंतर जाहीर करू, तोवर कुठे वाच्यता नको." बेलार्मिनोने गिअर बदलला. हे त्याचं गाव आहे हे बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि याने आपणहून कधी काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी गावात सेस्ताफेरिया होती. म्हणजे आदल्या संध्याकाळी सेवेरिनोने प्रत्येक दार ठोठावायचं, सकाळी घंटा वाजवायची आणि घरटी एका माणसाने फावडं घेऊन हजर व्हायचं. रस्ता असो, पाट असो, गावाचं काम गावाने करायचं, हा पूर्वापार रिवाज. या खेपेला काम दवाखान्याचं होतं. कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं की दवाखाना नीटनेटका दिसला तर सरकार तो बंद करणार नाही. भोळी माणसं! एतेलविनाच्या घरचा माणूस म्हणून बेलार्मिनोच्या हातात ब्रश आला.

"सरकार, खरं सांग," शिडीवरून सेवेरिनो म्हणाला, "राहतोय ना दवाखाना?"

"मी गाडी चालवतो रे. मला काय माहीत?"

आणि तो रंगवत राहिला. जेवणापर्यंत एक हात मारला, जेवणानंतर दुसरा. त्याला स्वतःचीच किळस आली, पण तोंडाचं कुलूप काही निघालं नाही.

गुरुवारी बातमी झाली. टीव्हीवर रोसाउराबाई गाडीतून उतरताना दिसल्या आणि दार धरून उभा असलेला बेलार्मिनोही दिसला, कोट-टायसकट. सगळ्या गावाने पाहिला.

रविवारी आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि विचारलं, "ब्रश हातात घेतलास तेव्हा माहीत होतं तुला?"

"होतं."

"आणि दोन हात मारलेस."

तो मान खाली घालून जेवला. त्या दिवशी गुत्त्यातून हाक आली नाही.

पुढची सेस्ताफेरिया रस्त्याची होती. दवाखाना गेल्यावर खाली तालुक्याच्या गावी जायला तो एकच रस्ता, आणि पावसाने त्याची कड खचलेली. सेवेरिनोने सगळी दारं ठोठावली, एतेलविनाचं सोडून. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा तिचं दार कुणी वगळलं नव्हतं. दवाखाना गेला तेव्हा म्हातारी रडली नव्हती. आता मात्र ती चुलीपाशी बसून रडली आणि मग तिने मुलाला फोन केला. "मिनो, उद्या पहाटे ये. नाहीतर मी जाते फावडं घेऊन."

तो आला.

"तुला कोणी बोलावलं?" सेवेरिनो म्हणाला.

"आईने पाठवलं."

बेलार्मिनो टोकाला जाऊन गटार उपसू लागला. बराच वेळ गेला. मग सेवेरिनो कंबर सरळ करत बाकीच्यांना म्हणाला, "नुसती माती लोटू या. वसंतात सरकार कडेला भिंत बांधणारच म्हणतात. कशाला उगाच दगड वाहायचे?"

बेलार्मिनोचं फावडं थांबलं. बाई परवाच फोनवर म्हणाल्या होत्या, त्या भिंतीचे पैसे बैठकीत कापले.

"भिंत होणार नाही," तो म्हणाला. "या वर्षी तरी नाही. दगड घाला."

"गाडीत ऐकलंस?"

"ऐकलं."

सेवेरिनोने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग फावडं टाकलं, सिद्राची बाटली उचलली, सिद्रा ओततात तसा हात उंच करून पेल्यात धार धरली आणि पेला आधी बेलार्मिनोपुढे केला. "घे सरकार. आणि ते मोठे धोंडे तुझे. बसून बसून पोट सुटलंय." दिवस मावळेपर्यंत सगळे दगड वाहत होते.

सोमवारी सकाळी बेलार्मिनोने गाडी धुतली, पुसली आणि किल्ली रोसाउराबाईंपुढे धरली.

"मॅडम, गाडीत ऐकलेलं मी बाहेर बोललो. मला दुसरं काम द्या."

बाई दचकल्या. "काय बोललात?"

"वेगालिनाची भिंत या वर्षी होणार नाही, असं."

"एवढंच? अहो, ते तर खरंच आहे."

"खरं आहे म्हणूनच, मॅडम. आता मागच्या सीटवर काहीही कानावर पडलं की मला गाव आठवणार."

बाईंनी किल्ली घ्यायला हात पुढे केला, मग मध्येच थांबवला. "तुम्ही वेगालिनाचे?"

"हो."

"मग त्या दिवशी, मी फोनवर दवाखान्याचं..."

"त्या दिवशी मी नुसती गाडी चालवत होतो, मॅडम, ऐकलं नव्हतं," बेलार्मिनो म्हणाला आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.